भिगवणची बोट: चार स्टार, पाचवा कुणाचा कापला ते शेवटपर्यंत वाचा

आधी कामाचं सांगते. पुण्याहून पहाटे पाचला निघालो, चौफुल्याला चहा, कुरकुंभला काचा वर (तो वास ज्यांना माहितीये त्यांना माहितीये) आणि सातच्या सुमाराला भिगवणजवळच्या कुंभारगावला उजनी धरणाच्या पाण्याकाठी पक्षी बघायला हजर. फेब्रुवारीतला मधलाच वार मुद्दाम धरला, रविवारी तिथं जत्रा असते म्हणून. मी, नवरा आणि भाचा. भाचा एमपीएससी करतोय त्यामुळे गाडीत बोटीत जेवताना कुठंही सिलॅबस बडबडत असतो, ते पुढं येईलच.

बोटवाले मामा एकदम भारी माणूस. मूळचे मासेमारीवाले, पक्ष्यांची इंग्रजी नावं तोंडपाठ, वर आमचा उच्चार सुधारतात. लाइफ जॅकेट मात्र तिघांत दोनच, तिसरं मागितल्यावर आलं आणि त्याची चेन तुटलेली. तिथं अर्धा स्टार गेला. बाकी बोट स्वच्छ, घाई नाही, मध्येच पैसे वाढवायची भाषा नाही.

फ्लेमिंगोंचा थवा दिसला तसं मामांनी लांबूनच इंजिन बंद केलं आणि बांबूने ढकलत नेली. बांबू वर आला की टोकाला हातभर काळा चिखल. त्या चिखलासाठीच तर ते पक्षी येतात! मान उलटी करून चोच पाण्यात आणि पाय जागच्या जागी गारा तुडवल्यासारखे चाललेले, एकसारखे, मी दहा मिनिटं नुसती पाय बघत बसले. गुलाबी म्हणावं तर उभे असताना पांढरेच दिसतात, पंख उघडले की मग आतून खरा रंग. शिवाय चित्रबलाक, चमचे पक्षी, थापट्या बदकं, आणि काठावरच्या हरभऱ्यात पट्टकादंबांची पंगत बसलेली. हे हिमालय ओलांडून येणारे पाहुणे आणि इथं कुणाच्या तरी हरभऱ्यात.

तेवढ्यात दुसऱ्या एका बोटीने इंजिन चालू ठेवून सरळ थव्यात घुसवली, कुणाला तरी उडतानाचा रील हवा होता. सगळे उठले. मामांनी जी शिवी दिली ती इथं छापता येणार नाही.

मी म्हटलं मामा, अभयारण्य आहे ना, तक्रार कुठं करायची? तर म्हणाले, "कसलं अभयारण्य ताई, हे धरण हाय. पानी उतरलं की चिखल उघडा पडतो मग पक्षी येत्यात. धरण भरलेलं राहिलं तर पक्षी दुसरीकडं."

आणि मग भाचा सुटला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. पाणथळ जागांचे केंद्राचे नियम 2010 ला आले, ते बदलून 2017 ला नवे आले आणि त्यांची अंमलबजावणी कशी करायची याची मार्गदर्शक तत्त्वं 2020 ला. कामं राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाकडे दिली. सगळं छान. पण 2017 च्या व्याख्येतच लिहिलंय की नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेल्या जागा यात धरायच्या नाहीत. उजनी कशासाठी बांधलं? सिंचनासाठी. म्हणजे आम्ही ज्या चिखलात बांबू रोवून बसलेलो ती त्या नियमाप्रमाणे पाणथळ जागाच नाही. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने देशभराचा पाणथळ जागांचा अ‍ॅटलास केला त्यात मात्र धरणांचे जलाशय मोजलेत. त्याच अ‍ॅटलासमधल्या सव्वादोन हेक्टरच्या वरच्या 2,01,503 जागा जपा असं सुप्रीम कोर्टाने 2017 च्या फेब्रुवारीत सांगितलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ही नवी व्याख्या आली. नवरा म्हणाला हे म्हणजे रेशनकार्डात नाव आहे पण धान्य नाही.

नाशिककडचं नांदूर मध्यमेश्वरसुद्धा सिंचनाचा बंधाराच की, मी म्हटलं, मग ते कसं रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत? भाचा म्हणे रामसरची व्याख्या वेगळी, त्यांना कृत्रिम पाणी चालतं, आणि ते आधीपासून अभयारण्य आहे म्हणून वाचलंय. उजनीला यातलं काहीच नाही.

मला यात सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. नियम लागू असता तर पुराच्या सरासरी रेषेपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम बंद, बोटीच्या धक्क्याला तेवढी सूट. म्हणजे मामांचा धंदा वाचला असता आणि काठाला सिमेंट ओतणाऱ्यांचा अडला असता. अगदी हवं तेच! शिवाय शहराचं सांडपाणी प्रक्रिया न करता सोडायला त्याच नियमात बंदी. बोटीच्या कडेला जलपर्णी आणि तिच्यात अडकलेली दुधाची पिशवी बघताना मला जरा लाज वाटली, कारण मुळा-मुठेचं पाणी भीमेतून शेवटी इथंच येतं, आमच्याच सिंकमधलं.

बरं, सरसकट बंदी घाला असंही मी म्हणत नाही. पाणी उतरलं की मोकळ्या झालेल्या जमिनीवर गाळपेर करणारे लोक आहेत, त्यातल्या कितीतरी जणांची गावं याच धरणात गेली. त्यांना हुसकावून पक्षी कसले जपता? पण कालव्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सोडायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत शेती, पिण्याचं पाणी, कारखाने सगळ्यांचं नाव निघतं, तिथं चिखलाचं नाव निघायला कागदावर कुठंतरी तो चिखल असावा लागतो ना. तो नाहीये. उरलेला अर्धा स्टार त्या व्याख्येचा कापलाय, मामांचा नाही.

जेवण: चिलापी फ्राय कुरकुरीत, रस्सा जहाल, भाकरी गरम, भाताकडे लक्ष देऊ नका. चिलापी परदेशी मासा आहे आणि तिने इथले मासे मागे टाकलेत हेही भाच्यानेच सांगितलं, तिसरा तुकडा उचलताना.

कधी जायचं: साधारण जानेवारी अखेर ते मार्च, सकाळी लवकर, टोपी न्या, दुर्बीण घरची न्या. बोटवाल्याला फोन लावलात तर पक्षी आलेत का विचारू नका, सगळेच हो म्हणतात. धरण किती टक्क्यांवर आलंय ते विचारा.