डीएनए मॉडेलचा संच: अक्षरं बरोबर जुळतात, पण मधली खुंटी सुटत नाही

खानापूर, निपाणीकडच्या शाळा विज्ञान प्रदर्शनासाठी बेळगावातून नेतात त्यातलाच हा प्लॅस्टिकचा संच. 24 साखरा, 24 फॉस्फेट आणि डीएनएची चार अक्षरं (बेस) ए, टी, जी, सी प्रत्येकी 6, म्हणजे 12 जोड्यांचा माल. शिडी पिळून कपाटात ठेवायची असेल तर ठीक आहे. डीएनएची नक्कल कशी होते ते दाखवायचं असेल, तर दुकानातच दोन-तीन जोड्या लावून ओढून बघा.

आधी जोडीतली दोन अक्षरं जोडणारी मधली खुंटी सुटली पाहिजे, कडेचा कणा नाही. खऱ्या डीएनएत साखर-फॉस्फेटचा कणा पक्क्या सहसंयुज बंधांचा असतो. मधे ए-टीला 2 आणि जी-सीला 3 हायड्रोजन बंध, एकेकटे कमजोरच. म्हणून तर हेलिकेज हे विकर (एन्झाइम) कणा न तोडता कपड्याच्या चेनसारखी शिडी मधोमध उघडतं. या संचात सगळ्या खुंट्या सारख्याच घट्ट. ओढलं की फॉस्फेट निखळतो आणि जोडी तशीच! मधल्या खुंट्यांवर पॉलिश पेपर दोन-तीनदा फिरवला की काम होतं.

जोड्यांचे साचे मात्र उत्तम. ए, जी लांब, टी, सी आखूड. त्यामुळे शिडीची रुंदी कुठेच बदलत नाही, आणि ए समोर सी बसतच नाही. एक धागा हाती असला की दुसरा आपोआप ठरतो, ते इथे बोटांना कळतं.

नक्कल करायला माल दुप्पट लागतो. एकाच संचात भागवायचं तर 3 ए-टी आणि 3 जी-सी अशा 6 जोड्यांची शिडी करा, उरलेले तुकडे बरोबर पुरतात. पीळ मात्र अर्ध्या वेढ्याचाच दिसेल, कारण पूर्ण वेढ्याला साधारण साडेदहा जोड्या लागतात. शिडी एकदम उघडू नका, तीन-तीन जोड्या उघडा. नवा धागा 3' टोकालाच (धाग्याच्या दोन टोकांपैकी एक, दुसरं 5') वाढतो, त्यामुळे एका बाजूला तो सलग जातो, दुसऱ्या बाजूला उलट दिशेने दोन तुकड्यांत. त्यांच्यामधला सांधा शेवटी दाबा; ते लायगेज या सांधणाऱ्या विकराचं काम. नवा धागा ज्यापासून सुरू होतो तो आरएनएचा छोटा तुकडा (प्रायमर) संचात नाही, तोंडी सांगा.

माहितीपत्रकातलं चित्र डावीकडे पिळलेलं आहे, ते बघून जोडू नका. पीळ नेहमीच्या स्क्रूसारखा, उजवा हवा. दोन धागे उलट दिशांचे असतात, पण ती दिशा दाखवणारे बाणही साखरांवर नाहीत. मार्करने काढून घ्या, एका धाग्यावर वर, दुसऱ्यावर खाली.

दोन संच घेणार असाल तर एकाच खेपेचे घ्या, नाहीतर खुंट्या-खोबणी जुळतीलच असं नाही.