व्हिक्टोरिनॉक्स स्पार्टन: कायद्याच्या फूटपट्टीवर खिशातला चाकू

स्पार्टन हा व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा घडीचा चाकू. त्याच्या पात्याला लॉक नाही, ते एका हाताने उघडत नाही आणि मुठीला खिशाबाहेर दिसणारी क्लिप नाही. चाकूच्या शौकिनांना या तिन्ही उणिवा वाटतात. पण चाकू खिशात ठेवून रस्त्यावर, स्टेशनात, बाजारात फिरायचे असेल, तर तो नेमका या तीन गोष्टींसाठीच घ्यावा. अनेक देशांचे कायदे पाते किती लांब आहे एवढेच पाहत नाहीत. ते कसे उघडते आणि उघडल्यावर पक्के अडकते का, हेही पाहतात.

आधी वस्तूविषयी. मिटलेला स्पार्टन ९१ मिमी लांब आणि वजनाला ६० ग्रॅमच्या आसपास. मोठे पाते साधारण ७ सेंमी. त्याशिवाय एक लहान पाते, डबा उघडायचे हत्यार, बाटली उघडायचे हत्यार, बूच काढायचा स्क्रू, भोक पाडायची आरी, चिमटा आणि दातकोरणे. कात्री नाही, आणि ती रोज लागत असेल तर हे मॉडेल तुमच्यासाठी नाही. पात्याची कडकपणाची पातळी रॉकवेल या पोलादाच्या मोजपट्टीवर ५६ आणि स्प्रिंगची ४९. म्हणजे धार फार काळ टिकणार नाही. पुठ्ठ्याची दहा-वीस खोकी कापली की बोथटपणा जाणवू लागतो. पण साध्या सिरॅमिक दांडीवर काही मिनिटांत ती परत येते आणि पाते सहजासहजी गंजत नाही. रोज खिशात राहणाऱ्या चाकूसाठी हा सौदा योग्य आहे.

पाते उघडे राहते ते केवळ पाठीमागच्या पोलादी पट्टीच्या दाबावर. ही पट्टी पात्याच्या बुडाला रेटून धरते. पात्याच्या पाठीवर पुरेसा जोर आला की ती वाकते आणि पाते मिटते. म्हणून या चाकूने टोक खुपसून पिळायचे नाही आणि पात्याची तरफ करायची नाही. कापताना जोर नेहमी धारेच्या बाजूने पडला पाहिजे, म्हणजे तोच जोर पात्याला उघडे ठेवतो. आरीलाही हाच नियम. चामड्याला भोक पाडताना ती धारेच्या दिशेनेच फिरवावी. उलट फिरवली तर बोटांवर मिटते. अशा चाकूने होणाऱ्या जखमांचे एक नेहमीचे कारण हेच, आणि लॉक असलेल्या चाकूची सवय झालेल्यांना ही चूक जास्त भोवते.

खिशातला कचरा सांध्यात साठला की पाते जड उघडते आणि मिटताना शेवटपर्यंत जात नाही. सगळी हत्यारे उघडून कोमट पाण्यात पुन्हा पुन्हा उघडमीट करावी, पूर्ण वाळवावे आणि प्रत्येक सांध्यावर एक थेंब खाद्यवापरास योग्य असे खनिज तेल सोडावे. स्वयंपाकाचे तेल सुकून चिकट होते, ते टाळावे.

आता ब्रिटन, कारण तिथला नियम सर्वांत स्पष्ट आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम १३९नुसार सार्वजनिक जागी धारदार वा टोकदार वस्तू बाळगणे हा गुन्हा आहे. सूट आहे ती घडीच्या खिशातल्या चाकूला, आणि तीही धार ३ इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंमीपेक्षा, जास्त नसेल तरच. कायद्याच्या मजकुरात लॉकचा उल्लेख नाही. तो मुद्दा न्यायालयाने सोडवला: १९९३च्या हॅरिस विरुद्ध डीपीपी (सरकारी अभियोग संचालक) या निवाड्यात ठरले की, ज्याचे पाते उघडून पक्के अडकते तो घडीचा चाकू धरता येणार नाही, कारण तो कधीही नुसता दाबून मिटत नाही. त्यामुळे ब्रिटनमध्ये दोन इंचांचा लॉकवाला चाकूही सुटीबाहेर जातो. मग बाळगण्यामागचे योग्य कारण बाळगणाऱ्यानेच सिद्ध करायचे असते. शिक्षा कमाल चार वर्षे. स्पार्टनची धार ३ इंचांच्या आत आहे आणि लॉक नाही, म्हणून तो इथे कारण न देता बाळगता येतो.

मोजायचे कसे, यावर गोंधळ होतो. ब्रिटिश कायदा धारेची लांबी म्हणतो. इतर अनेक ठिकाणी टोकापासून मुठीच्या कडेपर्यंतचे पाते मोजतात. दोन्हींत काही मिलिमीटरचा फरक पडतो, कारण पात्याच्या बुडाशी धार नसलेला भाग असतो. मर्यादेच्या अगदी काठावरचा चाकू विकत घेऊच नये. तपासणारा माणूस मुठीपासूनच मोजेल असे धरून चालावे.

जर्मनीत चित्र पालटते, आणि तुलनेसाठी तिथलाच कायदा सर्वांत उपयोगी आहे. तिथल्या शस्त्र कायद्याचे कलम ४२अ २००८मध्ये आले. त्यानुसार १२ सेंमीपेक्षा लांब पात्याचे न मिटणारे चाकू आणि एका हाताने उघडून लॉक होणारे घडीचे चाकू सार्वजनिक जागी जवळ बाळगता येत नाहीत. व्यवसाय, खेळ, परंपरा असे मान्य कारण असेल किंवा चाकू बंद, कुलूप लावलेल्या पेटीतून नेला जात असेल, तर गोष्ट वेगळी. दंड दहा हजार युरोंपर्यंत जाऊ शकतो. लक्षात घ्या, इथे एका हाताने उघडणे आणि लॉक होणे या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात.

आता बाजारातले चार चाकू समोर ठेवा. फ्रान्सचा ओपिनेल नंबर ८ घ्या: पाते ८.५ सेंमी, आणि १९५५ पासून या घराण्यात असलेली फिरती लोखंडी कडी, जिला कंपनी व्हिरोब्लॉक म्हणते. पाते नखाच्या खाचेने दोन हातांनी उघडावे लागते, म्हणून जर्मनीच्या कलम ४२अच्या व्याख्येत तो बसत नाही. ब्रिटनमध्ये मात्र लांबीही जास्त आणि कडी फिरवली की लॉकही, दोन्ही बाजूंनी बाद. ओपिनेलच आवडत असेल तर नंबर ५ घ्यावा. त्याचे पाते ६ सेंमी असते आणि कडी नसते. मोठ्या ओपिनेलची कडी काढून टाकण्याची युक्ती सुचवणारे भेटतात. ती वापरू नये. ओपिनेलमध्ये पाठीची स्प्रिंग नसते, कडी काढली की पाते फक्त लाकडाच्या घर्षणावर उभे राहते, आणि बीचची मूठ कोरडी पडून आकसली की तेही राहत नाही.

स्पायडर्कोचा यूके पेननाइफ हा ब्रिटिश कायदा डोळ्यासमोर ठेवूनच बनवलेला आहे. पाते ३ इंचांच्या किंचित आत, लॉक नाही, फक्त स्प्रिंगचा दाब. पात्याला गोल भोक असल्याने एका हाताने उघडतो, पण लॉक नसल्याने जर्मनीच्या व्याख्येतही अडकत नाही. कापण्याच्या कामात तो स्पार्टनला सहज मागे टाकतो. त्रुटी दोन: पाते मर्यादेच्या फार जवळ जाते, आणि खिशाला क्लिप लावून फिरला की तो दिसतो.

तिसरा चाकू व्हिक्टोरिनॉक्सचाच, १११ मिमीचा वन हँड ट्रेकर. स्विस सैन्याने २००८मध्ये निवडलेला सैनिकी चाकूही याच आकाराचा, एका हाताने उघडणाऱ्या लॉकवाल्या दातेरी पात्याचा आहे. कामाला उत्तम, पण तोच सैनिकी चाकू कारणाशिवाय खिशात ठेवून जर्मनी किंवा ब्रिटनमध्ये फिरलात तर दोन्हीकडे कायदेभंग. चौथा लेदरमन वेव्ह. त्याला लोक पक्कड म्हणून पाहतात, पण त्याचीही पाती एका हाताने उघडून लॉक होतात, म्हणून निकाल तोच. एखाद्या वस्तूला मल्टिटूल म्हटले म्हणून कुठलीही वेगळी सूट मिळत नाही.

जर्मनीबाबत अजून एक. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीपासून सार्वजनिक महोत्सव, जत्रा आणि तशाच कार्यक्रमांत, तसेच लांब पल्ल्याच्या सार्वजनिक वाहतुकीत, चाकू बाळगण्यावर सर्वसाधारण बंदी आली. त्यात स्पार्टनही आला. अनेक शहरांनी स्टेशनांभोवती बंदीचे पट्टेही आखले आहेत. अशा ठिकाणी जायचे असेल तर चाकू मुक्कामी ठेवावा.

जपानमध्ये स्पार्टन खिशात ठेवण्याचा सल्ला मुळीच नाही. तिथल्या बंदूक-तलवार कायद्यात ६ सेंमीपेक्षा लांब पाते कामाशिवाय बाळगायला बंदी आहे. घडीच्या चाकूला ८ सेंमीपर्यंत सूट आहे, पण रुंदी १.५ सेंमीच्या आत, जाडी २.५ मिमीच्या आत आणि लॉक नको, अशा अटींवर. या अटी पार केल्या तरी किरकोळ गुन्ह्यांचा वेगळा कायदा उरतोच: योग्य कारणाशिवाय धारदार वस्तू लपवून बाळगणे, मग पाते कितीही लहान असो. म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सचा ५८ मिमीचा छोटा क्लासिकसुद्धा किल्ल्यांच्या जुडग्यात लटकवून सुरक्षित म्हणता येत नाही. डोंगरात जाताना सामानात खोल ठेवावा, उतरल्यावर बाहेर काढू नये.

अमेरिकेत एकच नियम शोधणाऱ्याची निराशा होते. राज्ये आणि शहरे आपापले ठरवतात. न्यूयॉर्क राज्याने झटक्याने उघडणाऱ्या चाकूंवरची जुनी बंदी २०१९मध्ये उठवली, पण न्यूयॉर्क शहरात ४ इंच वा त्याहून लांब पाते सार्वजनिक जागी चालत नाही आणि त्याहून लहान चाकूही कपड्यांबाहेर दिसेल असा बाळगता येत नाही. खिशाच्या काठावर चमकणारी क्लिप इथेच घात करते. स्पार्टन पूर्ण खिशात बुडतो, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. संघराज्याच्या सरकारी इमारतींत मात्र सूट आहे ती २.५ इंचांपेक्षा कमी पात्याच्या खिशातल्या चाकूला, आणि स्पार्टनचे पाते त्याहून थोडे जास्त भरते. अशा इमारतींत वरचेवर जावे लागत असेल तर ८४ मिमीचा कॅडेट घ्यावा. त्याचे पाते साधारण ६ सेंमीचे आहे. तरीही दारावरचा सुरक्षारक्षक तो ठेवून घेऊ शकतो, हे गृहीत धरावे.

भारतात शस्त्र नियम, २०१६ची मर्यादा सैल वाटते: ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाते, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक वापराची हत्यारे त्यातून वगळलेली. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. राज्यांच्या अधिसूचना वेगळ्या असतात. दिल्लीत खटक्याच्या आणि बटणाच्या चाकूंना ७.६२ सेंमीची मर्यादा घातलेली आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली मनाई आदेश लागू असेल, तर त्या काळात चाकू बाळगण्यावरच बंदी येते, लांबी कितीही असो. निवडणूक, सण, मोर्चा यांच्या आधी हे आदेश निघतात. ते वाचावेत.

विमानाचा नियम वेगळा आणि सोपा: चाकू चेक-इन सामानात. युरोपीय संघ ६ सेंमीपर्यंतचे पाते केबिनमध्ये चालवतो, कॅनडानेही नोव्हेंबर २०१७पासून अमेरिकेला न जाणाऱ्या उड्डाणांसाठी तेवढी मोकळीक दिली. अमेरिकेच्या टीएसए या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने मार्च २०१३मध्ये तशीच घोषणा केली आणि जूनमध्ये मागे घेतली. पण परतीच्या विमानात किंवा मधल्या थांब्यावर नियम बदलला की क्लासिक तिथल्या डब्यात जातो. स्पार्टन तर ६ सेंमीतही बसत नाही. सामान भरताना चाकू बॅगेच्या मधोमध, कपड्यात गुंडाळून ठेवावा आणि निघण्यापूर्वी हातातल्या बॅगेचे प्रत्येक कप्पे उलटे करून पाहावेत.

एक गोष्ट कुठल्याही मापाच्या वर आहे. पोलिसांनी चाकू कशासाठी असे विचारले आणि उत्तर स्वसंरक्षण असे दिले, तर ब्रिटनमध्ये लगेच १९५३चा प्रिव्हेन्शन ऑफ क्राइम ॲक्ट लागू होतो: इजा करण्याच्या हेतूने बाळगलेली कुठलीही वस्तू शस्त्र ठरते, मग ती लॉक नसलेली असो वा ३ इंचांच्या आतली. खरे कारण सांगावे, फळ कापणे, दोर तोडणे, पाकीट उघडणे, आणि चाकू स्वतःहून काढून दाखवायचा नाही. तो आहे आणि कुठल्या खिशात आहे, एवढे शांतपणे सांगावे. काढायचा की नाही ते पोलीस ठरवतील. मद्यपान करायला निघताना किंवा फुटबॉल सामन्याला जाताना चाकू घरी ठेवावा, कारण तिथे कुठलेही खरे कारण पटत नाही.

या सगळ्या नियमांचा ताण निर्मात्यांनाही जाणवतो. व्हिक्टोरिनॉक्सचे प्रमुख कार्ल एल्सनर यांनी २०२४मध्ये पाते नसलेल्या खिशातल्या हत्याराचे काम सुरू असल्याचे सांगितले. ते बाजारात आले तर सायकलस्वार आणि प्रवासी यांच्यासाठी खरोखर उपयोगी ठरेल, कारण स्पार्टनच्या मालकांचे अर्धे काम स्क्रू आणि झाकणांचेच असते.

सुतार, वायरमन, गिर्यारोहक, बचावपथकातले लोक यांना मात्र लॉकच हवा, आणि त्यांनी स्पार्टनवर समाधान मानू नये. जोराच्या कामात न अडकणारे पाते बोट कापते. त्यांनी लॉकवाला चाकू अवजारांच्या पेटीत, इतर अवजारांसोबत, बंद करून न्यावा. काम संपल्यावर त्याच पेटीतून परत आणावा, वाटेत कॉफी प्यायला थांबताना तो खिशात सरकवू नये. कामाचे कारण कामावर आणि कामाच्या वाटेवरच टिकते.