परतीच्या तिकिटाआधीचा आठवडा: टीमला कुठे ठेवावं?

परदेशी ख्रिस्ती तरुणांची सेवेसाठी मिशन टीम येणार असली की आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, महिनाभर आधी धावपळ सुरू होते. खोल्या, गाद्या, फिल्टरचं पाणी, तिखट कमी घालणारी स्वयंपाकीण, दुभाषी कोण, गाडी कोणाची. जाण्याच्या आठवड्याची तयारी मात्र कोणीच करत नाही. तो आठवडा दारात येऊन उभा राहतो, टीम लीडर विचारतो, "मग आता आम्ही काय करायचं?", आणि चहाच्या टेबलावर पाच मिनिटांत काहीतरी ठरतं.

पर्याय साधारण तीनच असतात. शेवटच्या दिवसापर्यंत काम चालू ठेवायचं, दोन-तीन दिवस किनाऱ्यावर न्यायचं, किंवा एखाद्या शांत जागी रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-मननाच्या मुक्कामाला, बसवायचं. चौथा एक आहे, पण तो फार कमी जणांना जमतो. मी गोव्यात, बार्देशात मुलांचा संध्याकाळचा वर्ग बघते आणि टीम आली की भाषांतराला माझीच वर्णी लागते, त्यामुळे हे सगळे प्रकार जवळून पाहिलेत. माझा कल लपवत नाही: हा आठवडा ठरवताना मी मागे राहणाऱ्यांचा विचार आधी करते, जाणाऱ्यांचा नंतर.

शेवटच्या दिवसापर्यंत काम

टीमला हाच पर्याय सगळ्यात प्रामाणिक वाटतो. तिकीट त्यांच्या गावच्या चर्चने वर्गणी काढून दिलेलं असतं. कुणाच्या आजीने, कुणाच्या शेजाऱ्याने पैसे घातलेले असतात. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला वाटतं, एक दिवस जरी बसून घालवला तरी त्या आजीला फसवलं.

काम भिंत रंगवण्याचं असेल, वाचनालयातली पुस्तकं लावण्याचं असेल, तर खुशाल शेवटच्या संध्याकाळपर्यंत करू द्या. भिंतीला निरोप द्यावा लागत नाही. मुलांच्या वर्गाचं गणित वेगळं आहे. शेवटच्या दिवशी तिथे शिकवणं होतच नाही. चॉकलेटं वाटली जातात, हातावर पेनने नावं लिहिली जातात, फोटो निघतात, एक-दोन मुली रडतात, मग टीममधले रडतात, आणि रात्री सगळे विमानतळावर. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तीच मुलं दप्तर घेऊन दारात उभी, आणि वर्ग घेणाऱ्या आमच्या ताईला कोण कुठपर्यंत आलंय याचा पत्ता नाही.

वाया जाते ती नेमकी हीच माहिती. आपल्याकडच्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी माध्यमाच्या. या मुलांना इंग्रजी अक्षरांशी झगडायला शेजारी कोणीतरी बसलेलं लागतं, आणि परदेशी स्वयंसेवक ते काम खरंच छान करतात. तीन महिने शेजारी बसलेल्या मुलीला माहीत असतं की हा मुलगा बी आणि डी उलटे काढतो, ती मोठ्याने वाचायला लाजते पण कानात सांगितलं तर सगळं येतं, हा हातचा घेतो आणि लिहायला विसरतो. हे तिच्या डोक्यात असतं, आणि डोकं विमानात बसून निघून जातं.

म्हणून आम्ही साधी दोनशे पानी वही ठेवतो. मुलामागे एक पान. स्वयंसेवक इंग्रजीत सांगतो, मी किंवा दुसरं कोणी मराठीत लिहितो, आणि ताई समोर बसून प्रश्न विचारते. "लाजते म्हणजे माझ्यासमोर की सगळ्यांसमोर?" असे प्रश्न फक्त ताईलाच सुचतात. या कामाला निवांत दोन-तीन संध्याकाळी लागतात. शेवटच्या दिवसापर्यंत वर्ग भरवलात तर त्या कुठून काढणार?

दुसरं, वचनं. "नेक्स्ट इयर" हे दोन शब्द आमच्या मुलांना पाठ झालेत. निघायच्या घाईत, डोळे भरलेले असताना, जो तो ते बोलून जातो. मग पुढचे कित्येक महिने "टीचर कधी येणार?" याचं उत्तर आम्ही द्यायचं. टीमला आधी बसवून स्पष्ट सांगावं लागतं की जे नक्की नाही ते बोलू नका, आणि मुलांना स्वतःचा इन्स्टाग्राम देऊ नका. फोटोंचंही तेच. आईबापांना न विचारता मुलांचे चेहरे निधी गोळा करायच्या पोस्टवर जाता कामा नयेत.

आणि शेवटच्या आठवड्यात हमखास निघणारी टूम म्हणजे निरोपाचा जाहीर कार्यक्रम: रस्त्यावर पथनाट्य, गाणी, प्रत्येकाची साक्ष (स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव सांगणं). इथे हात जोडून नाही म्हणा. टुरिस्ट व्हिसावर धर्मप्रचाराचं काम करता येत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. उत्साह त्यांचा असतो, पण पोलीस स्टेशनात उत्तरं यजमानाला द्यावी लागतात.

किनारा

आपल्या काही वडीलधाऱ्यांना किनाऱ्याचं नाव काढलं की कपाळावर आठ्या येतात. मला त्यात गैर वाटत नाही. दमलेली पोरं आहेत, पोट बिघडून झालंय, एकाच खोलीत राहून एकमेकांचा कंटाळा आलाय. गोव्यात येऊन समुद्र न बघता परत जा म्हणणं जरा अतिच.

पण महिना बघा. अमेरिकेकडच्या टीमा त्यांच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे आपल्या जून-जुलैत येतात. तेव्हा किनाऱ्यावरची खाण्यापिण्याची शॅक उतरवलेली, जीवरक्षकांचे लाल झेंडे लागलेले, मासेमारीही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद. आकाश गळतंय आणि बारा जण गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात पत्ते खेळतायत, असं चित्र असतं. डिसेंबरात याच्या उलट: खोल्यांचे दर आभाळाला, आणि उत्तरेच्या किनाऱ्यांवर रात्रभर संगीत. लीडरचा सगळा वेळ कोण कुठे गेलं हे मोजण्यात जातो. न्यायचंच असेल तर दक्षिणेकडचं आगोंद बरं. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणून दंगा तसा कमी.

एक गोष्ट कडक पाळा: वर्गातल्या मुलांना या सहलीत घेऊ नका. "शेवटचा दिवस मुलांसोबत बीचवर" ही कल्पना दर टीमला एकदा तरी सुचते. लाटा हे एक कारण. दुसरं म्हणजे गोव्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा आहे, २००३ चा, आणि नात्यात नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत नेण्याबाबत तो फार कडक आहे. तो कायदा इथल्या पर्यटनात मुलांचं जे शोषण झालं त्यातून आला. टीमला ते नीट समजावून सांगा. राग येत नाही त्यांना, उलट गंभीर होतात.

किनाऱ्याची खरी उणीव वेगळीच आहे. तिथे बोलणं होत नाही. तीन महिन्यांत काय पाहिलं, काय खटकलं, कुणाचा कुणावर राग आहे, हे वाळूत बसून निघेल असं लीडरला वाटतं. निघत नाही. सगळे मोबाईलवर घरच्यांशी बोलायला लागतात, मनाने आधीच पोहोचलेले असतात.

रिट्रीट

बोलणं होतं ते इथे. पिळारची टेकडी मला सगळ्यात आवडते. खाली झुआरीचं पात्र, वर मठ, पूज्य आग्नेल यांची समाधी, आणि पणजीहून फार लांबही नाही. सासष्टीत असाल तर रायतूरचा परिसर आहे. जुने गोवे राहण्यापेक्षा एक दिवस फिरण्यासाठी बरं. फक्त २४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर तिथे जाऊ नका. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि फेस्ताच्या गर्दीत शांतता शोधणं व्यर्थ.

टीम इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंटांतल्या एका प्रवाहाची) असेल तर आधी बोलून घ्या. जुने गोव्याच्या बॉम जेझूस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव पाहून काही जण गप्प होतात, काही जणांना ते पटत नाही. कॅथलिक संस्थेत राहायचं तर तिथल्या प्रार्थनेच्या वेळा आणि पेहराव पाळायचा, एवढं ठरलं की प्रश्न येत नाही. संस्थेलाही आधी सांगा की गिटार आणि मोठ्याने स्तुतिगीतं होतील.

गोव्यात रिट्रीट करण्याचा एक फायदा दुसरीकडे सहसा मिळत नाही. इथे येणं आणि जाणं यावर बोलायला माणसं उदाहरणासकट हजर आहेत. झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले आणि त्याच वर्षी दक्षिणेच्या किनाऱ्याकडे निघूनही गेले. पुढची दहा वर्षं पायाला भिंगरी, आणि शेवट चीनजवळच्या बेटावर. त्यांनी सुरू केलेलं सांभाळलं ते मागे राहिलेल्यांनी. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये इंग्लंडहून आले ते १६१९ मध्ये इथेच वारले, आणि मधल्या काळात इथली भाषा इतकी शिकले की १६१६ मध्ये रायतूरला त्यांचं क्रिस्तपुराण हे ख्रिस्तावरचं काव्य छापलं गेलं. आणि आपले बाणावलीचे जुझे वाझ १६८७ मध्ये सिलोनला गेले, १७११ मध्ये कँडीत वारले, परत आलेच नाहीत. २०१५ मध्ये ते संत झाले. तीन महिन्यांसाठी आलेल्या मुलांसमोर हे तिघे ठेवले की खोलीत थोडी अस्वस्थता पसरते. ती पसरू द्या. "मग आमच्या येण्याचा उपयोग काय?" हा प्रश्न त्यांच्याच तोंडून आला की खरी चर्चा सुरू होते.

त्या प्रश्नाला गोड उत्तर देऊ नका. होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर उत्तर अमेरिकेतल्या टीमा घरं बांधायला गेल्या होत्या. त्या स्वयंसेवकांची नंतर पाहणी करणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांना आढळलं की परतल्यावर त्यांच्या दान देण्यात, प्रार्थनेत, सवयींत टिकाऊ बदल फारसा दिसत नाही. ट्रिपने आयुष्य बदललं असं म्हणणं सोपं असतं. घरी गेल्यावर कोणी विचारपूस केली नाही तर ते विरून जातं. म्हणून रिट्रीटमध्ये भावनांवर अर्धा दिवस पुरे. उरलेला वेळ परतल्यानंतरच्या पहिल्या महिन्यावर घालवा: घरी गेल्यावर उदास वाटेल, मित्रांना दोन मिनिटांच्या वर ऐकायचं नसेल, आईच्या भरलेल्या फ्रिजचा राग येईल. हे सगळ्यांचं होतं आणि आधी माहीत असलं की कमी टोचतं.

(ब्राझीलची टीम असेल तर एक संध्याकाळ पणजीत फोंतेन्यश या जुन्या वस्तीत काढा. अजून पोर्तुगीज बोलणाऱ्या आजीबाई तिथे भेटू शकतात. आमच्या एका टीमला तिथून उठवताना नाकी नऊ आले होते.)

चौथा पर्याय: घरात

दोन-दोन जणांना मंडळीतल्या कुटुंबांकडे ठेवायचं. पावसाळ्यात याला तोड नाही: सकाळी पदेर (पाववाला) येतो, पोई (पाव) आणि पातळभाजी, दुपारी कुळीथ, संध्याकाळी आजोबांच्या गप्पा. पण घरं तेवढी मोकळी हवीत, आणि परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याची नोंद करणारा सरकारी फॉर्म भरावा लागतो, तो प्रत्येक घराला. रिट्रीट हाऊसलाही तो नियम आहेच, पण त्यांना सवय असते. नवख्या कुटुंबाकडून तो राहून जातो आणि मग धावपळ. टीम सहा जणांहून मोठी असेल तर या वाटेला जाऊ नका.

मग कुठे?

काम फक्त हातांचं होतं, माणसांशी फार गुंतणं झालं नाही, तर शेवटपर्यंत काम करा आणि एक दिवस समुद्र दाखवा. पुरे.

मुलांसोबत काम झालं असेल तर माझा आग्रह क्रमावर आहे. आधी वही, निरोपाआधीच्या दोन-तीन निवांत संध्याकाळी. मग निरोप, एकदाच, दिवसाउजेडी, आईबाप हजर असताना, आणि पुढच्या आठवड्यात कोण शिकवणार ती व्यक्ती शेजारी उभी असताना. मुलांना ते आठवडाभर आधी सांगितलेलं हवं. त्यानंतर टीम वर्गाकडे फिरकत नाही. दोन रात्री पिळार किंवा तशी जागा, आणि तिथून थेट विमान. निरोप घेऊन किनाऱ्यावर जायचं आणि परत "बाय" करायला यायचं, हा प्रकार मुलांना दोनदा रडवतो. टीममध्ये भांडणं झाली असतील तर दोनच्या तीन रात्री करा आणि समुद्र विसरा.

खर्चाचं म्हणाल तर रिट्रीट हाऊस हंगामातल्या किनाऱ्यापेक्षा स्वस्तच पडतं. जेवण तिथलं साधं असतं. लीडरला आधी सांगून ठेवा.

सामानाचं काय करायचं तेही निरोपाच्या आधी ठरवा. अर्धवट सनस्क्रीन, तार तुटलेली गिटार, आपल्या मुलांना दुप्पट होतील असे टी-शर्ट हे सगळं "तुमच्यासाठी" म्हणून मागे राहतं आणि आमच्या कपाटात वर्षभर बसतं. काय ठेवायचं ते ताई निवडेल, बाकी बॅगेत.

लीडरकडून परतल्यानंतरच्या एका फोनची तारीख लिहून घ्या, साधारण सहा आठवड्यांनंतरची, ताईसोबत. आणि गाडी ठरवण्याआधी तिकिटावर मोपा विमानतळ आहे की दाबोळी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पिळारहून दाबोळी जवळ पडतं. मोपाला जायचं तर पेडण्यापर्यंतचा रस्ता, आणि पावसात तासभर जास्तीचा धरा.