पाडावं की दुरुस्त करावं? पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या दोन इमारती

न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवर सहाएक गल्ल्यांच्या अंतराने या दोन आधुनिकतावादी इमारती उभ्या होत्या. दोन्ही गॉर्डन बनशाफ्ट आणि नताली द ब्लॉआ या वास्तुरचनाकारांच्या हातच्या. एक वाचली, एक गेली.

लीव्हर हाउस १९५२ चं, हिरव्या काचेचं. चौकटीत पाणी मुरून पोलाद गंजलं, फुगलं आणि काचा तडकू लागल्या. पण १९८२ मध्येच वारसा दर्जा मिळाल्यामुळे पाडायचा प्रश्नच नव्हता. सगळी काच तशीच्या तशी नव्याने बसवली.

युनियन कार्बाइडच्या ५२ मजली इमारतीला असं कवच नव्हतं. तिच्याखालून रेल्वेचे रूळ जातात, लिफ्टचे खड्डे खाली नेता येईनात, म्हणून मुख्य दालनच वर घेतलं. आत शिरलं की सरकत्या जिन्याने वर जायचं. अडचणीतून निघालेली किती देखणी वाट! २०१७ च्या नव्या नियमांनी तिथे जास्त बांधकामाला मुभा मिळाली आणि २०१९ मध्ये पाडकाम सुरू झालं. आता तिथे जेपी मॉर्गन चेसचा १,३८८ फुटी मनोरा आहे.

नव्यात दहा हजार माणसं मावतात, तीही मोठ्या स्थानकाच्या शेजारी. हा मुद्दा खराच भक्कम आहे. तरी मी दुरुस्तीच्याच बाजूने. जुन्या इमारतीचं ऊर्जाबचतीसाठी नूतनीकरण होऊन दशकही उलटलं नव्हतं. एवढं धडधाकट पोलाद उतरवून पुन्हा नवं ओतायचं, हे मनाला पटत नाही. आणि श्रेय क्वचितच मिळालेल्या द ब्लॉआ यांचं एवढं मोठं काम गेलं, याची हळहळ वेगळीच.