पिचिंग किट घेताय? आधी क्लिकर हातात घ्या

नागपुरात बेसबॉल खेळणाऱ्या पोरांसाठी आता ऑनलाइन तयार पिचिंग किट मिळतं. पिचिंग म्हणजे बॅटरकडे बॉल टाकणं, आणि टाकलेला प्रत्येक बॉल म्हणजे एक पिच. एका पिशवीत वाळू भरलेले सहा बॉल, चामड्याचे दोन बेसबॉल, पकडीच्या खुणा रंगवलेला एक बॉल, मनगटाला अडकवायचा रबरी पट्टा आणि टाकलेले पिच मोजायला अंगठ्याने दाबायचा क्लिकर. जाहिरातीचा सगळा जोर वाळूच्या बॉलवर असतो, कारण स्पीड वाढवण्याचं आश्वासन तिथेच आहे. आमच्या मते किट घेण्यासारखं आहे. पण ज्या वस्तूमुळे ते खपतं, तीच सगळ्यात जपून वापरायची आहे.

वाळूच्या बॉलची वजनं १००, १५०, २२५, ४५० ग्रॅम, १ किलो आणि २ किलो. हे बॉल भिंतीवर टाकायचे असतात, कॅचरकडे (बॅटरमागे बसून बॉल पकडणाऱ्याकडे) नाही. माहितीपत्रकात ही गोष्ट शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे, ती पहिल्या पानावर हवी होती. योग्य वापर असा: भिंतीकडे पाठ करून, गुडघे थोडे वाकवून, १ किलोचा बॉल खांद्याच्या मागच्या स्नायूंनी मागे फेकायचा. दहा वेळा, निम्म्या जोराने. मग ४५० ग्रॅमचा, पाय जागेवर ठेवून, कंबर वळवत, पुन्हा दहा वेळा. एवढं वॉर्मअपला पुरतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला रेशीमबाग मैदानात हात आखडलेले असतात, तेव्हा याचा खरंच उपयोग होतो. २ किलोचा बॉल शाळकरी मुलाच्या हातात देऊच नका.

बिघडतं कुठे, तर मुलगा ४५० ग्रॅमचा बॉल घेऊन पूर्ण ताकदीने पिच टाकतो. हात मागे जाऊन पुढे येताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर आधीच मोठा ताण असतो, त्यात वजनाची भर पडते. अमेरिकेत १३ ते १८ वयाच्या पिचर्सवर वजनदार बॉलचा सहा आठवड्यांचा अभ्यास झाला आहे. सरासरी वेग ३.३ टक्के वाढला, पण त्या गटातल्या २४ टक्के मुलांना दुखापत झाली. ताशी ११० किलोमीटरने टाकणाऱ्या मुलाच्या हिशोबात मांडा: साडेतीन किलोमीटर वेग वाढला, आणि चौघांतला एक जायबंदी. हा सौदा आम्हाला मंजूर नाही.

चामड्याचे बॉल आल्याआल्या काट्यावर तोला. नियमाप्रमाणे बेसबॉल ५ ते सव्वापाच औंसांचा, म्हणजे १४२ ते १४९ ग्रॅम, आणि घेर ९ ते सव्वानऊ इंच. आम्ही तपासलेल्या किटमधला एक बॉल बरोबर निघाला, दुसरा १५६ ग्रॅम भरला. म्हणजे जवळपास क्रिकेटचा सीझन बॉलच. अशा बॉलवर चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा, पण हळू जाणारा पिच) शिकलेला मुलगा स्पर्धेत खरा बॉल हातात आला की उंच टाकत सुटतो. शिवण बरी होती, १०८ दुहेरी टाके, धागा कुठे सुटलेला नाही.

नवा बॉल गुळगुळीत असतो. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये सामन्याआधी प्रत्येक बॉलला न्यू जर्सीतल्या नदीकाठचा खास चिखल चोळतात. आपल्याकडची काळी माती त्या कामाची नाही, चिकटून बसते आणि शिवणीत जाते. मुरूम चामडं ओरबाडतो. कापडातून चाळलेली बारीक पिवळी माती, ओलसर तळहात आणि प्रत्येक बॉलला एक मिनिट, बस. पकडीसाठी राळेची छोटी पुरचुंडी वेगळी घ्या, किटमध्ये ती नाही. पावसाळ्यात भिजलेला बॉल उन्हात टाकू नका, चामडं तडकतं. पंख्याखाली, वर्तमानपत्रावर दोन दिवस ठेवा. वाळूच्या बॉललाही उष्णता चालत नाही: मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत राहिले तर वरचं प्लास्टिक मऊ पडतं, जोड उघडतो आणि वाळू गळायला लागते.

खुणांचा बॉल ही किटमधली छान वस्तू आहे. फोर-सीमच्या (सरळ जाणाऱ्या फास्टबॉलच्या) खुणा घोड्याच्या नालेसारख्या वळणावर आडव्या आहेत, टू-सीमच्या (किंचित बाजूला सरकणाऱ्या फास्टबॉलच्या) अरुंद शिवणींच्या बाजूने. चेंजअपसाठी अंगठा आणि तर्जनीची गोल कडी दाखवली आहे, बॉल तळव्याकडे आत. तिन्ही बरोबर. पण त्याच बॉलवर कर्व्ह, स्लायडर आणि स्प्लिटर हे वळणारे किंवा खाली पडणारे पिचही रंगवले आहेत, आणि बारा वर्षांच्या पोराची नजर पहिली तिथेच जाते. स्प्लिटरला दोन बोटांच्या फटीत बॉल बसावा लागतो. लहान पंजाचा मुलगा बोटं ताणून तो जबरदस्तीने बसवतो आणि मनगट कडक होतं. क्रम असा ठेवा: आधी फोर-सीम, मग चेंजअप. दोन्ही दहातले सहा स्ट्राइकमध्ये (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीत) पडायला लागले की मग कर्व्ह.

पिचचे किती प्रकार येतात यावर पिचर मोठा ठरत नाही. मेजर लीगचा पिचर मारियानो रिव्हेराचे ६५२ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने) प्रामुख्याने एका कटरवर, म्हणजे शेवटी किंचित वळणाऱ्या फास्टबॉलवर आले. ट्रेव्हर हॉफमनचे ६०१ सेव्ह झाले, त्याचं हत्यार चेंजअप. चेंजअपची खरी कमाल हाताच्या वेगात आहे. हात फास्टबॉलसारखाच जोरात येतो, बॉल मात्र ताशी १३ ते १६ किलोमीटर हळू जातो. मुलं हात हळू करतात, आणि बॅटरला ते लगेच दिसतं. मोबाइलवर बाजूने स्लो मोशन घ्या, दोन्ही पिच लागोपाठ बघा, फरक सापडतो.

आता क्लिकर. दिसायला किरकोळ, बँकेच्या दारात माणसं मोजायला वापरतात तसा. अमेरिकेतल्या पिच स्मार्ट नियमावलीत वयानुसार एका दिवसाची कमाल संख्या ठरलेली आहे: ९-१० वर्षांना ७५ पिच, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५. १५-१६ वर्षांच्या मुलाने ३१ ते ४५ पिच टाकले तर एक दिवस विश्रांती, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, त्याच्या वर चार दिवस. वर्षात चार महिने थ्रोइंग बंद, त्यातले दोन-तीन सलग. किटसोबतच्या तक्त्यात कमाल संख्या दिली आहे, विश्रांतीचे दिवस गाळले आहेत. अर्धा नियम दिला तर तो पाळूनही हात जातो. तक्ता हाताने पूर्ण करा आणि किटच्या पिशवीवर चिकटवा.

नागपुरातला हिशोब अजून अवघड आहे. सकाळी पिचिंग करणारा मुलगा संध्याकाळी मोहल्ल्यात सहा ओव्हर फास्ट टाकतो. छत्तीस चेंडू, तेही जड बॉलने, कुठल्याच वहीत नाहीत. शालेय स्पर्धेत एका दिवशी दोन सामने लागतात आणि सकाळचा पिचर दुपारी कॅचर होतो. म्हणजे पुन्हा प्रत्येक बॉल परत फेकणं आलंच. क्लिकर कोचकडे नको, बेंचवरच्या एका मुलाकडे द्या. कोच सामन्यात गुंततो, आणि आकडा विसरायचा मोहही त्यालाच होतो.

चांगला खेळाडू जपणं म्हणजे त्याला भित्रा करणं, असं मैदानावर ऐकू येतं. मेजर लीगच्या वॉशिंग्टन संघाने २०१२ मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेतून परतलेला पिचर स्टीफन स्ट्रासबर्गला हंगामात १५९ इनिंगनंतर (इनिंग म्हणजे समोरचे तीन बाद होईपर्यंतची फेरी) थांबवलं, प्लेऑफ म्हणजे हंगामाअखेरचे बाद सामने तोंडावर असताना. त्यावर अजूनही वाद होतात. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, आणि नंतर दुखापतींनीच त्याला थांबवलं. दुसरा दाखला पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या जपानी शोहेई ओहतानीचा. कोपरावर २०१८ आणि २०२३ मध्ये दोन शस्त्रक्रिया, २०२४ मध्ये फक्त बॅटिंग, आणि जून २०२५ मध्ये माऊंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) परतला तेव्हा पहिल्या दिवशी एकच इनिंग. जगातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूंपैकी एकाला एक इनिंग पुरते, मग कोपर दुखून परतलेल्या दहावीतल्या मुलाला फायनलमध्ये सात इनिंग टाकायला लावणं चूक आहे. कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं असेल तर मलम चोळून, गोळी देऊन उभं करायचं नाही. गोळी दुखणं झाकते, ताण तसाच राहतो.

रबरी पट्टा ठीकठाक. मैदानाच्या जाळीला कोपराच्या उंचीवर बांधा, काखेत घडी केलेला टॉवेल दाबा, हात बाहेर फिरवा, पंधराचे दोन सेट. टॉवेल पडला की समजा खांदा चुकीचा उचलला जातोय. मनगटाची शिवण कच्ची आहे, मोच्याकडून दोन टाके जास्तीचे मारून घ्या. उन्हात ठेवलेल्या रबराला बारीक चिरा पडतात, आणि तुटलेला पट्टा थेट तोंडावर येतो. दर महिन्याला ताणून बघा.

पूर्ण किट परवडत नसेल तर चामड्याचे दोन बॉल आणि क्लिकर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) सुटे विचारा. वाळूच्या बॉलचं काम वॉर्मअपपुरतं जिममधल्या १ किलोच्या मेडिसिन बॉलने निभतं. खुणांचा बॉल घरी मार्करने होतो, फक्त त्यावर तीनच पकडी काढा.