लक्षाचा व्यायाम आणि चारचौघांतला वावर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आत्मविश्वास वाढवायला म्हणून जे जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं मी करून पाहिलं होतं. आरशासमोर बोलणं, ताठ उभं राहणं, सकाळी उठून 'मला जमेल' असं घोकणं. आठवडा-दोन आठवडे बरं वाटायचं आणि मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. आता वाटतं, या सगळ्या उपायांमध्ये एक गोष्ट समान होती: माझं लक्ष सतत माझ्यावरच असायचं. गेले काही महिने मी नेमका उलट सराव करते आहे, आणि लोकांमध्ये वावरताना खरोखरचा, टिकणारा फरक पहिल्यांदाच जाणवतो आहे. संकोची स्वभावाच्या माणसांना याचा उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

तंत्राचं नाव अटेन्शन ट्रेनिंग टेक्निक, थोडक्यात एटीटी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांनी ते १९९० मध्ये मांडलं. पुढे १९९५ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि वेल्स यांनी मिळून लोकांसमोर वाटणाऱ्या भीतीचं जे विश्लेषण केलं, ते वाचताना मला कुणी माझंच वर्णन करतंय असं वाटलं. 'आता हे लोक मला जोखणार' असं वाटलं की लक्ष आत वळतं. छातीची धडधड, कानांची गरम पाळी, आवाजातला कंप, हे सगळं मोठं होऊन जाणवायला लागतं. मग त्या जाणिवांवरून आपण मनात स्वतःचं चित्र काढतो, आणि समोरच्यांना आपण अगदी तसेच दिसतोय असं धरून चालतो. प्रत्यक्षात समोरचा माणूस मान डोलावत ऐकत असतो, पण ते बघायला आपण तिथे असतोच कुठे? त्यामुळे भीती खोटी ठरायची संधीच येत नाही. वर, अर्धं लक्ष आत अडकल्यामुळे उत्तरं तुटक जातात आणि लोक आपल्याला शिष्ट समजतात.

आता प्रत्यक्ष व्यायाम. बसायचं, डोळे उघडे ठेवून समोरच्या एका बिंदूवर नजर ठेवायची, आणि फक्त कानांनी काम करायचं. साधारण बारा मिनिटं लागतात आणि तीन टप्पे असतात. पहिली पाचेक मिनिटं आजूबाजूच्या आवाजांमधला एकेक आवाज निवडून त्यावरच लक्ष ठेवायचं: पंख्याची घरघर, मग घड्याळाची टिकटिक, मग लांबून जाणारी गाडी. एकावर असताना बाकीचे आवाज मागे राहू द्यायचे. पुढची पाचेक मिनिटं भराभर उड्या मारायच्या, पंख्यावरून घड्याळावर, तिथून खिडकीबाहेर, परत पंख्यावर. शेवटची दोन मिनिटं सगळे आवाज एकदम ऐकायचा प्रयत्न करायचा, डावीकडचे, उजवीकडचे, जवळचे, लांबचे. आवाज वेगवेगळ्या दिशांचे आणि अंतरांवरचे असावेत. खोली फार शांत असेल तर मी कोपऱ्यात रेडिओ बारीक लावून ठेवते.

सुरुवातीला हे कमालीचं कंटाळवाणं वाटतं, हे आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या टप्प्यात तर मला दम लागल्यासारखं व्हायचं. घड्याळावरून बाहेरच्या आवाजावर जायचं ठरवलेलं असायचं आणि मी मात्र दुपारच्या कुठल्याशा संभाषणात जाऊन पोचलेली असायचे. अशा वेळी विचार हाकलायचा नाही. तोही खोलीतला आणखी एक आवाज समजायचा, आणि ज्या आवाजावर जायचं ठरलं होतं तिथे जायचं. हे हळूहळू साधतं, आणि माझ्या मते सगळा फायदा याच जागी आहे. विचार चालू असतानाही लक्ष कुठे ठेवायचं हे आपल्या हातात राहू शकतं, याचा अनुभव अंगात मुरायला लागतो.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. हे ध्यान नाही, आणि शांत वाटावं म्हणून करायचं नाही. भीती दाटून आल्यावर ती घालवायला तर अजिबातच वापरायचं नाही. भीतीपासून पळायला वापरलं की 'कमी झाली का, कमी झाली का' असं तपासणं सुरू होतं, म्हणजे लक्ष पुन्हा आत. सराव साध्या वेळी करायचा. मी संध्याकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून करते.

व्यायाम एकटीने करायचा असला तरी खरी कसोटी माणसांमध्ये लागते. इथे मला सुझान ब्योगेल्स या डच संशोधिकेच्या पद्धतीची मदत झाली. लोकांसमोर लाजून लाल होण्याची भीती वाटणाऱ्यांसाठी त्यांनी लक्ष कामावर आणायचं प्रशिक्षण तयार केलं. बोलणं झाल्यावर स्वतःला विचारायचं: माझं किती टक्के लक्ष माझ्यावर होतं, किती बोलण्याच्या विषयावर, किती आजूबाजूला? आधी बिनजोखमीच्या प्रसंगात, मग अवघड प्रसंगात. मी बहिणीशी होणाऱ्या फोनपासून सुरुवात केली. ती काय सांगतेय ते नंतर मला दोन वाक्यांत सांगता यायला हवं, एवढंच स्वतःला बजावलं होतं. सख्ख्या बहिणीचं बोलणंसुद्धा मी किती अर्धवट ऐकायचे ते तेव्हा कळलं.

कामाच्या ठिकाणी एका बैठकीत सगळ्यांनी आपापली ओळख करून द्यायची होती. असे प्रसंग मला नेहमीच जड जायचे. आपली पाळी येईपर्यंत मनात वाक्य घोकत बसायचं आणि आधीच्या कुणाचं काहीही कानात शिरायचं नाही, हा ठरलेला क्रम. त्या दिवशी ठरवून माझ्या आधी बोलणारीकडे लक्ष दिलं. ती म्हणाली, इतकी वर्षं हिशेबाच्या विभागात होते, आता डिझाइनमध्ये आलेय, आकडे अजून स्वप्नात येतात. हे सांगताना ती पेनाचं टोपण सारखं काढत-घालत होती. हे मला दिसलं, हीच माझ्यासाठी नवी गोष्ट होती. पाळी आली तेव्हा पहिल्या वाक्याला आवाज कापला. पण दुसरं वाक्य तिच्या बोलण्याला धरून आपसूक आलं, की मीही विभाग बदलून आलेय आणि माझ्या स्वप्नात अजून जुने ग्राहक येतात. लोक हसले. बैठक संपल्यावर ती स्वतःहून बोलायला आली, आणि आवाज कापल्याचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

तिने ते केवळ सौजन्याने म्हटलं असेल असं मला वाटत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. जवळजवळ निम्म्या लोकांनी टी-शर्टवरचं चित्र ओळखलं असेल, असा टी-शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते साधारण पाव लोकांनाच सांगता आलं. आतली घबराट बाहेर दिसते असं आपल्याला वाटतं, तितकी ती दिसत नाही, हेही याच संशोधकांनी दाखवलं आहे. त्यांच्या २००३ च्या अभ्यासात तर ही गोष्ट आधी समजावून सांगितलेल्या वक्त्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस झाली.

ज्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही असा एक मुद्दा इथे मुद्दाम लिहिते. लक्ष बाहेर न्यायचं म्हटल्यावर मी लोकांचे चेहरे निरखायला लागले. हा कंटाळला का, तिने घड्याळ का पाहिलं, त्याच्या कपाळाला आठी माझ्यामुळे पडली का. दिसायला हे लक्ष बाहेर आहे, पण प्रश्न सगळे माझ्याबद्दलच. भीती वाटणाऱ्या माणसाची नजर धोक्याच्या खुणांकडे आपोआप ओढली जाते, त्यामुळे अशा निरखण्यातून नाराजीच सापडते. नजर किती सेकंद भिडवायची याचा हिशेब ठेवणंही त्यातलंच. मला उपयोगी पडलं ते एवढंच, की समोरचा काय सांगतोय आणि त्यातलं मला अजून काय जाणून घ्यावंसं वाटतं यावर राहायचं. तिथे राहिलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो, आणि ज्याला आपल्या बोलण्यातून उपजलेला प्रश्न विचारला जातो तो माणूस खुलतो. लोकांवर छाप पाडणं म्हणून जे म्हणतात, त्यातला मोठा भाग मला आता हाच वाटतो.

व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट लपवून टाका. इतका सोपा आणि इतका परिणामकारक बदल दुसरा नाही.

काय बदललं नाही तेही सांगते. धडधड अजून होते. अनोळखी मोठ्या गर्दीसमोर बोलायचं तर आदल्या रात्री झोप उडते. दमलेल्या दिवशी लक्ष हट्टी वासरासारखं आतच ओढ घेतं आणि तेव्हा मी फार झटत नाही. बोलण्याचं कौशल्यही यातून मिळत नाही. विषयाची तयारी करावीच लागते. पण प्रसंग उरकल्यानंतर घरी येऊन 'मी असं का बोलले' हे उगाळत बसणं खूप कमी झालं, आणि त्याची मी अपेक्षाच केली नव्हती. त्या उगाळण्यालाही आता पंख्याच्या घरघरीइतकंच महत्त्व मिळतं.

ज्यांना लोकांच्या भीतीमुळे शिक्षण, नोकरी, नाती सोडून द्यायची वेळ आली आहे, त्यांनी केवळ या व्यायामावर विसंबू नये. अशा भीतीवर उपचार आहेत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी ज्या वैयक्तिक उपचारांची शिफारस केली आहे, त्यांत क्लार्क आणि वेल्स यांच्या मांडणीवर आधारलेला उपचारही आहे. चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि लक्ष आत वळण्याबद्दल त्यांच्याशी मोकळेपणाने बोला.

नव्याने सुरू करणाऱ्यांना सांगेन, पहिले काही आठवडे रोज करा आणि माणसांमधला सराव सगळ्यात सोप्या माणसापासून सुरू करा. मी आता रोज करत नाही. पुढे एखादा अवघड प्रसंग असेल तर आधीचे आठ-दहा दिवस पुन्हा नेमाने बसते, आणि दुसऱ्या टप्प्याला जास्त वेळ देते, कारण ऐन बोलण्यात लक्ष चटकन परत वळवायची गरज सगळ्यात जास्त पडते.