डग्गा कुठे गेला? गाडीचे स्पीकर बदलताना झालेली फसवणूक

गेल्या एप्रिलमध्ये गाडीच्या स्पीकरपायी माझे 18,200 रुपये गेले. नंतर दारांच्या आतली मोडतोड निस्तरायला 3,600 रुपये लागले ते वेगळेच. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे. पण काय झालं ते सगळं लिहिते. इंदूरातल्या आपल्या मराठी घरांपैकी निदान चार-पाच घरं तरी अशा फसवणुकीतून वाचावीत, एवढीच इच्छा आहे.

आमची गाडी 2018 ची, छोटी हॅचबॅक. पुढच्या दोन दारांत कंपनीचे स्पीकर, मागच्या दारांत फक्त जाळी, आत काही नाही. सात वर्षांत डाव्या दारातला स्पीकर फरफरायला लागला होता. मला स्वतःला त्याचं फारसं काही वाटलं नसतं, पण बाबांना वाटायचं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तरुणपणी तबला शिकले, अजूनही मांडीवर बोटं चालू असतात. दर दुसऱ्या रविवारी मी त्यांना देवासला आत्याकडे घेऊन जाते. जाता-येता मिळून अडीच तास, आणि त्या अडीच तासांत अमीर खाँसाहेबांचा एखादा विलंबित ख्याल व्हायलाच हवा, हा आमचा नेम. खाँसाहेब इंदूरचे, त्यामुळे बाबा त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. तो खर्जातला आवाज, झुमऱ्याचा संथ ठेका, आणि मधेच डाव्या दारातून फर्र. बाबा तोंडाने काही म्हणायचे नाहीत, पण त्यांची बोटं थांबायची.

म्हणून दुकानात गेले. मी बाबांशी बोलत होते ते ऐकून काउंटरवरचा माणूस एकदम मराठीत म्हणाला, "अहो ताई, तुम्ही आपल्यातल्या! मी पण लोकमान्य नगरचाच." बाबांना "काका" म्हणत खुर्ची दिली, चहा मागवला. इंदूरात बाजारात दिवसभर हिंदीच चालते. अचानक समोरून मराठी आली की आपण सैल होतो. मी झाले. भाव करायचा, दोन दुकानं फिरायची, हे सगळं ठरवून निघाले होते. ते तिथेच राहिलं.

पहिली फसवणूक आमच्या कानांची झाली. तो गाडीत येऊन बसला, "आधी तुमच्या स्पीकरची अवस्था ऐका" म्हणाला आणि स्टिरिओची काही बटणं दाबली. खरंच, आवाज पिचका, डब्यातून आल्यासारखा येत होता. मग दुकानात भिंतीवरच्या फळीवर लावलेले नवे स्पीकर वाजवले. काय दणका! मला तेव्हा कळलं नाही की त्या फळीमागे वेगळा अॅम्प्लिफायर होता, माझ्या गाडीत तसा नव्हता आणि लागणारही नव्हता. गाडीतल्या स्टिरिओचा बेस त्याने आधी तळाला नेला होता आणि फिटिंग झाल्यावर तोच शेवटापर्यंत वर चढवून "लाउडनेस" (खालचे-वरचे सूर फुगवणारं बटण) चालू करून दिला. हे मला खूप उशिरा सेटिंग बघताना दिसलं. तेच गाणं थोडं मोठ्याने वाजलं की माणसाच्या कानाला ते अधिक चांगलं वाटतं. या धंद्यातल्या लबाड लोकांचं निम्मं काम एवढ्यावरच होतं.

दुसरं, वॅटचा आकडा. खोक्यावर भलंमोठं 350 वॅट. "ताई, तुमचे कंपनीचे जेमतेम वीसचे, कागदाचे. हे साडेतीनशेचे." आता समजतं की तो आकडा क्षणभर सोसता येईल अशा कमाल शक्तीचा असतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारा. आणि स्पीकर कितीही वॅटचा असो, त्याला मिळणार तेवढंच जेवढं स्टिरिओ देईल. गाडीच्या बॅटरीच्या जोरावर साध्या स्टिरिओतून एकेका स्पीकरला खरे 15 ते 20 वॅटच निघतात. वेगळा अॅम्प्लिफायर बसवायचा नसेल तर स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच शक्तीत तो किती मोठ्याने वाजतो ते, विचारावी; 90 डेसिबल किंवा त्याच्या वर असलेली बरी. शक्ती दुप्पट केली तरी आवाज 3 डेसिबलनेच वाढतो, त्यामुळे थोड्या वॅटात मोकळा वाजणारा स्पीकर आपल्या कामाचा. आणि कागदाचा म्हणून नाक मुरडण्यासारखं काही नसतं; उत्तमोत्तम स्पीकरचे पडदेही कागदाचे असतात.

हिशेब असा झाला. पुढचा सेट 7,800, मागची जोडी 4,400, चारही दारांत डॅम्पिंग (पत्रा थरथरू नये म्हणून दाराच्या आतून चिकटवायच्या पट्ट्या) 5,000, फिटिंग 1,500. जुने स्पीकर ठेवून घेऊन पाचशे वजा. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "घ्या की, पण मग 18 टक्के जीएसटी वर लागेल. आपल्या माणसाकडून कशाला घ्यायचे?" मी कच्च्या चिठ्ठीवर राजी झाले. तिच्यावर दुकानाचा शिक्का नाही, मालाचं नाव नाही, फक्त आकडे. पाच हजार यूपीआयने दिले, बाकी रोख. त्या पाच हजारांची नोंद हाच आज माझ्याकडचा एकमेव धड पुरावा आहे.

गाडी मागच्या गाळ्यात नेली. मी उठले तर "ताई, तिकडे धूळ आहे, काका आहेत बरोबर, इथे एसीत बसा" म्हणून पुन्हा बसवलं. दोन तासांनी गाडी परत आली. बाहेरून सगळं चकचकीत, दारं बंद, जाळीमागून कंपनीचं नाव दिसत होतं.

पुढच्या रविवारी देवासची वाट धरली. नेहमीचाच ख्याल लावला. आवाज मोठा होता, स्वच्छ वाटत होता, मी खुशीत होते. मांगलिया ओलांडलं असेल, बाबा म्हणाले, "डग्गा कुठे गेला?"

डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, खर्जाचा; तरी मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "तबल्याची शाई ऐकू येतेय, किनार ऐकू येतेय. डग्गा नाही. खाँसाहेबही समोर बसलेले वाटत नाहीत, गाडीभर पांगलेत." मी बेस आणखी वाढवायला गेले तर तो आधीच शेवटाला टेकलेला. घुमण्याऐवजी दार थरथरलं. बाबांनी बंद करायला सांगितलं. देवासपर्यंत आम्ही तसेच गेलो.

दुकानात फोन केला. "ताई, नवे स्पीकर आहेत, पन्नास तास वाजल्यावर मोकळे होतील." मे गेला. उन्हात गाडी उभी राहिली की आत डांबराचा वास यायचा. जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि तिसऱ्याच दिवशी डाव्या बाजूला बाबांच्या पायाखालची मॅट ओली. वाटलं, चपलेचं पाणी असेल. दुसऱ्या दिवशी मॅट उचलून खालच्या कार्पेटवर तळहात दाबला तर बोटांच्या मधून पाणी वर आलं.

तेव्हा मात्र भाच्याच्या ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनकडे गेले. लहानसा गाळा, पाटीही धड नाही. तो म्हणाला, "दीदी, यहीं खड़े रहिए, आपके सामने खोलता हूँ." दाराचं आतलं पॅनल सुटताना पाच-सहा क्लिपांपैकी तीन आधीच तुटलेल्या निघाल्या. आणि पॅनलमागे असते ती प्लास्टिकची चादर फाडून एका कोपऱ्यात लोंबत ठेवलेली होती.

ही चादर काय करते ते मला त्या दिवशी कळलं. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दाराच्या पोटात उतरतंच, ते थांबत नाही. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, त्यातून ते रस्त्यावर निघून जातं. दाराचं पोट आणि गाडीची आतली बाजू यांच्यामध्ये ही पातळ चादर काळ्या चिकट सीलने डकवलेली असते. ती फाडली, किंवा परत नीट चिकटवली नाही, की पाणी सरळ आत. एका स्पीकरपायी माझ्या गाडीचं कार्पेट, त्याखालचा फोम सगळं कुजायला लागलं होतं.

डॅम्पिंगचे पाच हजार घेतले होते. पुढच्या दोन दारांत स्पीकरच्या भोवती हातभर तुकडे, मागच्या दारांत काहीही नाही. तेही बुटाइलचे, म्हणजे या कामासाठीच्या रबरी पट्ट्यांचे, नव्हते. गच्चीची गळती थांबवायला वापरतात तसल्या डांबरी पट्ट्या, उन्हाने पाघळून खाली ओघळलेल्या. वास त्याचाच होता. गाडीचे मूळ कनेक्टर कापून वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेला. खरं तर जुन्या कनेक्टरला जोडणारी तयार वायर बाजारात थोडक्या पैशांत मिळते, काहीच कापावं लागत नाही.

मग त्याने खिशातून घड्याळाचा साधा दीड व्होल्टचा सेल काढला. स्टिरिओकडून येणाऱ्या प्लसच्या वायरीला सेलचा प्लस, मायनसला मायनस, क्षणभर टेकवला. उजव्या दारातला पडदा टक् करून बाहेर आला. डाव्या दारात तेच केलं, पडदा टक् करून आत गेला. एका दारात प्लस-मायनस उलटे जोडले होते. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे राहतात, खर्ज जातो. बाबांनी जे मांगलियाजवळ कानाने ओळखलं होतं ते इथे डोळ्यांना दिसलं. बाबा शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी मला तो सेल पुन्हा एकदा लावायला सांगितला आणि वाकून पाहिलं.

आणि स्पीकर तरी खरे होते का? त्याने मागच्या बाजूचं जाड रबरी टोपण बोटाने सोलून काढलं. टोपणाच्या आकाराचं लोहचुंबक आत असायला हवं. आत त्याच्या निम्म्याहूनही लहान चकती होती, उरलेली पोकळी. त्याच्याकडे त्याच कंपनीचा एक अस्सल स्पीकर पडला होता, तो माझ्या दुसऱ्या हातात दिला. वजनाचा फरक तराजूशिवाय कळत होता. घरी येऊन खोकं नीट पाहिलं. किंमत छापलेली, पण आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही. बाहेरून येणाऱ्या बंद मालावर हे छापणं कायद्याने सक्तीचं आहे. खोकं दुकानात माझ्या हातात होतं. चहा पिताना समोरच टेबलावर होतं.

मी स्पीकर घेऊन दुकानात गेले. त्या दिवशी तो मराठीत बोललाच नाही. "मैडम, ये हमारा माल ही नहीं है. आपने बाहर बदलवाया होगा." माझ्याकडे फिटिंगचा फोटो नाही, बिल नाही, मालाचा सीरियल नंबर कुठे लिहिलेला नाही. जुने स्पीकर मागितले तर म्हणाला, भंगारात गेले. पैशांपेक्षा मला त्या "मैडम"चं जास्त लागलं. दोन महिन्यांपूर्वी याच माणसाने बाबांच्या पाया पडून निरोप घेतला होता.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ते दुकानदाराशी बोलून मिटतंय का बघतात, निकाल देणं त्यांच्या हातात नसतं. दुकानाने उत्तरच दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. 2019 च्या कायद्याप्रमाणे व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही, वकील करायची सक्ती नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. यूपीआयची नोंद, ती कच्ची चिठ्ठी, फोनवरचे संदेश आणि इलेक्ट्रिशियनने सही करून दिलेलं निरीक्षण, एवढं जोडलं आहे. फाटलेली चादर आणि ते दोन स्पीकर पिशवीत बांधून कपाटावर ठेवले आहेत.

मुळात मला एवढं सगळं लागतच नव्हतं, हेही सांगते. फरफरणारा एक स्पीकर होता. त्या इलेक्ट्रिशियनने पुढच्या दोन दारांत साधी, अस्सल कोअॅक्सियल (खालचे-वरचे सूर एकाच स्पीकरमधून देणारी) जोडी बसवली. 3,200 रुपये, पक्क्या बिलासह, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का. मागची दारं पुन्हा रिकामी ठेवली. स्पीकर मागून काचेला टेकतो का हे बघायला काच पूर्ण खाली-वर करून दाखवली, नवी चादर डकवून दारावर बाटलीने पाणी ओतून दाखवलं. स्टिरिओचा बेस आणि ट्रेबल मधोमध शून्यावर आणला आणि म्हणाला, आता ऐका. बाबांनी डोळे मिटले, थोड्या वेळाने त्यांची बोटं मांडीवर चालू झाली.

तुम्ही असं काम करायला जाणार असाल तर दार उघडलेलं असताना तिथून हलू नका, कोणी कितीही आग्रहाने एसीत बसवलं तरी. चादर निघतानाचा आणि परत लागल्यानंतरचा फोटो घ्या. जुने स्पीकर घरी आणा, पाचशे रुपये सोडा. ते परत लावून बघता येणं हाच नवे तपासायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. आणि गेल्या एक-दोन वर्षांत ज्यांनी स्पीकर बदलून घेतले आहेत त्यांनी या पावसात एकदा पुढची मॅट बाजूला करा, कार्पेटवर तळहात दाबून बघा. वरून कोरडं दिसतं, पाणी खाली फोममध्ये असतं.